फूल खरं, परी लुटुपुटूची : एका वाचनाचा प्रकरण अभ्यास

हा अभ्यास एका मुलीचा, एका पुस्तकाचा आणि सात महिन्यांचा आहे. मुलगी माझीच, तेव्हा सहा वर्षांची. पुस्तक सिसिली मेरी बार्कर यांचं ‘फ्लॉवर फेअरीज ऑफ द स्प्रिंग’, १९२३ साली पहिल्यांदा छापलेलं. महिने २०२५ च्या मार्चपासून सप्टेंबरपर्यंतचे. शनिवारी मी काही मराठी मुलांचा वर्ग घेते. कोणतं मूल कशाला हसलं, कुठे कंटाळलं, हे एका वहीत टिपून ठेवायची सवय त्यातूनच लागली. त्याच वहीवरून हे लिहिते आहे. इंग्रजी फुलांच्या कविता मराठी घरात कशा वाचायच्या, हा प्रश्न माझ्यासारख्या पुष्कळ आयांपुढे असणार. मी तो आधी चुकीच्या बाजूने सोडवायला घेतला होता.

आम्ही लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनमध्ये राहतो. लेक इथेच जन्मली. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. शाळेत अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकवतात, त्यामुळे शब्द ती भराभर फोडते, पण वाचलेलं मनात साठत नाही. पुस्तक मिळालं ते जुन्या वस्तूंच्या दुकानात. तळहातात मावेल एवढं, एका पानावर कविता आणि समोर चित्र. चित्रात एक फुलझाड आणि त्याच्या शेजारी त्याच झाडाच्या पानापाकळ्यांचे कपडे घातलेलं एक मूल, पाठीला पंख. तिने ते दुकानातच छातीशी धरलं. घरी येईपर्यंत ट्राममध्ये तीनदा पालथं घातलं.

मी मनातल्या मनात बेत केला की रात्री एक कविता इंग्रजीत वाचायची आणि लगेच तिचं मराठी सांगायचं. पुस्तकही होईल आणि मराठीही होईल.

पहिले तीन आठवडे

तीन आठवडे हा बेत चालला आणि रोज थोडा थोडा मोडत गेला. काउस्लिप, सेलन्डाइन, स्टिचवर्ट यांना मराठीत काय म्हणायचं? आपल्या मातीत ही फुलं नाहीतच, तर नावं कुठून असणार! प्रिमरोजला मी एका रात्री घाईत ‘एक प्रकारचा गुलाब’ म्हणून गेले. लेकीने चित्रावर बोट ठेवलं. पाच फिक्या पिवळ्या पाकळ्या, जमिनीलगत सुरकुतलेल्या पानांचा झुबका, काटा एकही नाही. “आई, हा गुलाब नाहीये,” ती म्हणाली, आणि तेही मराठीत. मला बरं वाटायला हवं होतं, पण मी ओशाळले. नावातल्या ‘रोज’ला मी भुलले होते. चित्र इतकं अचूक होतं की सहा वर्षांचं मूल मला दुरुस्त करू शकलं.

याहून मोठा बिघाड तालात झाला. बार्करबाईंच्या कविता म्हणजे गाणीच. प्रत्येक कवितेचं नावही ‘अमुक परीचं गाणं’ असंच आहे. ओळी आखूड, यमक जिथल्या तिथे. मी प्रत्येक दोन ओळींनंतर थांबून अर्थ सांगायला लागले की गाण्याची गत बँडबाजा मध्येच थांबवून वर्गणी मागितल्यासारखी व्हायची. तिसऱ्या आठवड्यात लेकीने पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं, भिंतीकडे तोंड केलं आणि स्वतःशीच चित्रं बघत बसली. त्या रात्री वहीत लिहिलंय: ‘अर्थ नको झालाय तिला. की मीच नको झालेय?’

एक लहानशी अडचण मात्र गोड निघाली. या पुस्तकांतल्या पऱ्यांमध्ये मुलगेही आहेत. इंग्रजी शब्दाला त्याने फरक पडत नाही, पण आपली परी बाईच असते. “मग मुलगा असेल तर?” असं तिने विचारलं आणि थोडा विचार करून तिनेच ठरवलं, “परा.” तेव्हापासून आमच्या घरात परा हा शब्द रूढ आहे.

डेझी

वळण आलं ते एप्रिलमध्ये, डेझीमुळे. डेझी इथे सगळीकडे असते. बागेतल्या हिरवळीवर, फुटपाथच्या कडेला, शाळेच्या मैदानात, पायाखाली इतकी की कुणी तिच्याकडे बघत नाही. कवितेत डेझीची परी म्हणते की मी लहानग्यांचं फूल, माझे हार करा, दिवसभर माझ्याशी खेळा, आणि सूर्य मावळला की मी माझ्या पाकळ्या घट्ट मिटून घेईन. शेवटी मिटायच्या त्या पाकळ्यांचे रंग सांगितलेत, लाल आणि पांढरा.

“लाल कुठे आहे?” लेक म्हणाली. दुपारीच तिने मूठभर डेझी तोडून आणल्या होत्या. पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळा गोल. लाल काही नाही. मी म्हटलं, यमकासाठी घातलं असेल. हे मी का म्हटलं, याचा मला आजही राग येतो. तिच्या प्रश्नाला उत्तर होतं. ते शोधायचा कंटाळा मला आला होता.

दुसऱ्या दिवशी जेवण लवकर आटोपून, सूर्य खाली गेल्यावर, आम्ही दोघी जवळच्या बागेत गेलो. हिरवळ ओळखू येईना. दुपारी पांढरी शिंपडण झालेलं मैदान नुसतंच हिरवं होतं. वाकून पाहिलं तर प्रत्येक डेझी मुठीसारखी मिटलेली, पाकळ्या वर उचलून एकत्र आलेल्या, आणि त्या मिटलेल्या पाकळ्यांच्या बाहेरच्या बाजूला, टोकाशी, लालसर गुलाबी रंग. तो रंग पाकळीच्या पाठीवर असतो. फूल उमललेलं असताना तो खाली, मातीकडे असतो. मिटल्यावरच दिसतो.

लेक गुडघ्यांवर बसली होती. गवत ओलं होतं, पायमोजे भिजले होते, आणि मी उठायला सांगितलं नाही. “तिने बघितलं होतं,” ती म्हणाली. बार्करबाईंबद्दल म्हणत होती. सहा वर्षांच्या मुलीला कविता कशी लिहितात हे त्या ओल्या गवतात समजलं असं मी म्हणणार नाही, पण त्या बाई खोटं सांगत नाहीत, एवढं तिला पक्कं समजलं. आणि मला समजलं की तीन आठवडे मी पुस्तकाचं भाषांतर करत बसले होते, ते पुस्तक घेऊन बाहेर जायचं होतं.

त्या रात्री फोनवर माझ्या आईला हे सांगितलं. आई राजापूर तालुक्यात असते. ती म्हणाली, “अगो, मग आपली गुलबक्षी? ती बरोब्बर उलटी. ही मिटते तेव्हा ती उमलते.” गुलबक्षी उन्हं उतरली की उमलते आणि सकाळी मिटते. आमच्या अंगणात तिच्यावरून आम्ही मुलं संध्याकाळचा चहा ओळखायचो. लेकीने डोळे मोठे केले आणि आजीला मराठीत विचारलं, “मग त्या दोघी कधी भेटतात?” आजीकडे उत्तर नव्हतं. मला त्या प्रश्नात एक कविता दिसली आणि मी ती लिहिली नाही, कारण ती तिची होती.

यानंतर वाचायची पद्धतच बदलली. कविता एकदा पुरती, न थांबता, तालात. मग चित्र. मग शक्य झालं तर ते फूल. मराठी मुद्दाम आणायचं नाही. ते येईल तेव्हा येईल. डॅन्डेलियनच्या कवितेत दातेरी पानं आहेत, फुंकर मारून वेळ सांगायच्या खेळातला कापसाचा गोळा आहे, आणि उपटलं तरी पुन्हा उगवेन, खुरपी-कुदळी आणून उपयोग नाही असा उद्दाम दम आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या. त्याचं मूळ सरळ खोल जातं आणि तुटलेल्या तुकड्यातून झाड पुन्हा फुटतं. मे महिन्यात लेकीने फुंकर मारली, कापूस उडाला आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, “म्हातारी!” रुईचं बोंड फुटलं की उडणाऱ्या त्या रेशमी बीला आम्ही लहानपणी म्हातारीच म्हणायचो. तिला आधी हसू आलं, मग ती म्हाताऱ्यांच्या मागे धावत सुटली, “म्हातारी, थांब! म्हातारी, थांब!” असं ओरडत. फुलांच्या नावांचं भाषांतर होईना, पण खेळाचा शब्द मात्र आयता होता.

क्रॉयडनच्या बाई

आता लेकीला ‘त्या बाई’ कोण हे हवं होतं. मी शोधलं आणि चकित झाले, कारण त्या आमच्याच गावच्या निघाल्या. बार्कर यांचा जन्म २८ जून १८९५ ला क्रॉयडनमध्ये झाला. तेव्हा हे सरे परगण्यातलं स्वतंत्र गाव होतं. लहानपणी त्यांना अपस्माराचा त्रास होता, त्यामुळे शाळा नाही, शिकवणी घरीच. बऱ्याचदा अंथरुणात पडून त्या चित्रं काढायच्या. वडील बियाणांच्या व्यापारात भागीदार आणि स्वतः हौशी चित्रकार. मुलीचं नाव त्यांनीच क्रॉयडनच्या कलाशाळेच्या संध्याकाळच्या वर्गात घातलं. १९११ साली, सोळाव्या वर्षी, त्यांची चार चित्रं राफाएल टक यांच्या कंपनीने पोस्टकार्डांसाठी विकत घेतली. वर्षभरात वडील गेले. घर चालवायची जबाबदारी दोघी बहिणींवर आली.

थोरली बहीण डोरोथी शिक्षिका होती. तिने घरातच बालवर्ग काढला. १९२४ मध्ये कुटुंब दि वॉल्ड्रन्स या रस्त्यावरच्या मोठ्या घरात गेलं. मागच्या खोलीत बालवर्ग आणि बागेत सिसिलीसाठी चित्रांची खोली बांधली गेली. पहिलं पुस्तक त्याच्या आदल्या वर्षी निघालं होतं. काही प्रकाशकांनी ते परत पाठवलं आणि शेवटी ब्लॅकी यांनी घेतलं. चोवीस चित्रं आणि त्यांच्या कविता मिळून बाईंना २५ पौंड मिळाले. पुढच्या पुस्तकापासून मात्र प्रतींमागे मानधन सुरू झालं. त्यानंतर उन्हाळा, शरद, मुळाक्षरं, झाडं, बाग आणि शेवटी १९४८ मध्ये वाटेकडेची फुलं, अशी एकूण सात पुस्तकं त्यांच्या हयातीत निघाली. १९७३ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या, पहिल्या पुस्तकाला पन्नास वर्षं होत असताना.

पण लेकीला या सनावळीत रस नव्हता, तिला काम कसं करायच्या ते ऐकायचं होतं, आणि ते खरोखर ऐकण्यासारखं आहे. चित्रातली मुलं बालवर्गातली खरी मुलं होती. प्रिमरोजची परी म्हणून बसलेली मुलगी दर शनिवारी त्यांच्या घरी कामाला यायची. कपडे बाई स्वतः शिवायच्या, पंख काटक्या आणि जाळीच्या कापडाचे करायच्या. चित्र झालं की कपडे उसवायचे आणि तेच तुकडे पुढच्या परीला लावायचे. अशा कपड्यांची एक ट्रंकच त्यांच्याकडे होती. मुलाच्या हातात खरं फूल द्यायच्या, कारण पाकळीचा पोत आणि देठाची ठेवण समोर दिसायला हवी. आसपास न मिळणारं फूल हवं असलं तर क्यू गार्डन या लंडनमधल्या मोठ्या वनस्पती उद्यानातली माणसं नमुने आणून देत. चित्रात त्या एकच बदल करायच्या, फूल मुलाएवढं मोठं करायचं.

ही शेवटची गोष्ट मी सांगितली तेव्हा लेक गप्प झाली. मग म्हणाली, “म्हणजे परी छोटी नाहीच. फूल मोठं आहे.” मी वहीत हे वाक्य चौकटीत लिहिलंय.

खऱ्या की खोट्या

जूनमध्ये शाळेतल्या एका मैत्रिणीने तिला सांगितलं की पऱ्या खऱ्या असतात, फोटोसुद्धा आहेत. ते फोटो कॉटिंगलीचे असणार. यॉर्कशरमधल्या त्या गावात दोन मावसबहिणींनी १९१७ पासून पऱ्यांचे पाच फोटो काढले. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉईल यांनी त्यांवर विश्वास ठेवून १९२२ साली पुस्तक लिहिलं. त्या कागदाच्या आकृत्या होत्या हे त्या बहिणींनी सांगितलं तोवर १९८३ उजाडलं होतं. बार्करबाईंचं पहिलं पुस्तक निघालं ते डॉईल यांच्या पुस्तकानंतर वर्षभरानेच. महायुद्धात पोरं गमावलेला तो समाज होता. दिसत नाही त्याच्यावर विश्वास ठेवायची ओढ तेव्हा पुष्कळांना होती.

म्हणून १९४८ च्या पुस्तकाच्या सुरुवातीला बाईंनी मुलांना जे सांगितलं ते मला फार मोलाचं वाटतं. झाडं आणि फुलं मी खऱ्यांवरून नीट निरखून काढली आहेत, त्यांच्याबद्दल लिहिलेलं मला जमेल तितकं खरं आहे. पण परी मी कधी पाहिलेली नाही, पऱ्या आणि त्यांच्याबद्दलचं सगळं लुटुपुटूचं आहे. सांगणं साधारण असं आहे. ‘लुटुपुटूचं’ हा माझा शब्द, पण इथे तो जितका चपखल बसतो तितका दुसरा बसणार नाही. लुटुपुटू म्हणजे फसवणूक नव्हे. भातुकलीतला भात लुटुपुटूचा असतो, आणि तो खाणाऱ्या कुणालाही कुणी फसवलेलं नसतं.

मी लेकीला हे वाचून दाखवताना घाबरले होते. परी नाही म्हटल्यावर पुस्तक मिटेल की काय! ती म्हणाली, “मला माहितीये. डेझी खरी आहे, परी खेळातली आहे.” आणि पान उलटलं. मोठ्यांना हे वेगळं करून सांगावं लागतं, मुलं ते आधीच वेगळं करून बसलेली असतात. फक्त कुणी त्यांना मुद्दाम गोंधळात टाकू नये.

माझ्यासारखे केस

जुलैत एका रात्री ती पुस्तकाच्या शेवटापर्यंत एकेक चित्र बघत गेली, बोट प्रत्येकीच्या डोक्यावर ठेवत. “एकीचे पण माझ्यासारखे केस नाहीत.” तिचे केस दाट काळे, वेणीत न राहणारे.

या वाक्यासाठी मी तयार नव्हते. मला जे सुचलं त्यातलं पुष्कळसं खोटं होतं. ‘परी कशीही असू शकते’ असं म्हणता आलं असतं, पण समोरचं पुस्तक ते म्हणत नव्हतं. पुस्तक आवडतं म्हणून त्याची बाजू सांभाळायची किंवा पुस्तक वाईट ठरवून ठेवून द्यायचं, या दोन्हींतलं काहीच मला नको होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दि वॉल्ड्रन्सला चालत गेलो. झाडांचा शांत रस्ता आहे. तिथे उभं राहून मी तिला म्हटलं, त्या बाईंनी इथे कुणाला बसवलं? तिला पाठ होतं, “बहिणीच्या शाळेतल्या मुलांना.” म्हणजे समोर जी मुलं होती त्यांना. शंभर वर्षांपूर्वी या रस्त्यावर जी मुलं यायची ती. “आज त्या इथे असत्या आणि तू समोरून जात असतीस, तर?” तिने मान तिरकी करून विचार केला. “मला बसवलं असतं.” मग लगेच, “पण फूल कुठलं?”

त्या प्रश्नाचं उत्तर मला त्या रस्त्यावर देता आलं नाही. तिला डेझी द्यावी असं वाटलं आणि वाटलं की नाही, हे तिचं तिने ठरवावं.

तांबडी फळं

मधली एक गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती राहून गेली तर प्रकरण अपुरं राहील. शरदाच्या पुस्तकात नाइटशेड या विषारी रोपाच्या फळांची कविता आहे. परा फळं दाखवून बोलावतो, बघा कशी माणकासारखी लाल, हिरवी, नारिंगी लोंबतायत, राजांनी खावीत अशी! आणि चांगल्या पऱ्या ओरडून मुलांना सांगतात, चाखू नका. खाली बाईंनी कंसात साध्या शब्दांत लिहिलंय की फळं छान दिसली तरी चांगल्या पऱ्यांचं ऐका. जुलैच्या शेवटी एका कुंपणात लेकीला तीच फळं दिसली. ती थबकली, दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि मला हाक मारली. माझं दहादा सांगून झालं नसतं ते एका कवितेने केलं. धोका कवितेने मोहकही केला होता आणि ओळखताही येईल असा केला होता. नुसतं ‘हात लावू नको’ म्हणणाऱ्या पाटीला हे जमत नाही.

आजीचं अंगण

२०२५ साली गणपती २७ ऑगस्टला बसले. इथल्या शाळेला तेव्हा सुट्टी होती, म्हणून आम्ही राजापूरला गेलो. पुस्तक लेकीच्या पाठीवरच्या पिशवीत होतं.

आईने तिला पहिल्याच दुपारी डब्यातून गुंजा काढून दाखवल्या. लाल बी, टोकाला काळा ठिपका. सोनाराकडे पूर्वी यांनीच सोनं तोलायचे, आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा तोळा. “दिसतात छान, पण आत विष असतं, बाय. खेळायच्या नाहीत, बघायच्या.” लेक लगेच म्हणाली, “नाइटशेडसारख्या.” मग आजीला तिने अख्खी कविता म्हणून दाखवली, इंग्रजीत, हातवारे करून. आईला एक शब्द कळला नाही आणि तिने पुन्हा म्हणायला लावली.

गौरीच्या आदल्या दिवशी आई तिला बांधावर घेऊन गेली. ऑगस्टच्या शेवटी आमच्याकडे कातळावर आणि बांधांवर तेरडा दाटलेला असतो, गुलाबी, जांभळा, कुठे पांढरा. आमच्या घरी गौर तेरड्याची असते. तेरड्याची झाडं मुळासकट उपटून आणायची, धुवायची, जुडी बांधायची. मग ट्रंकेतून मुखवटा काढायचा, साडी काढायची, दागिने काढायचे, आणि त्या झाडांना नेसवायचं. झाडाला चेहरा येतो. घर तिला हाताला धरून आत आणतं, हळदीकुंकवाच्या पावलांवरून, सोन्यामोत्यांच्या पावली ये म्हणत.

मी हे जन्मभर पाहत आले होते. त्या दिवशी लेकीच्या डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं. ती ट्रंकेजवळ उभी होती. आईने मुखवटा काढला, मग साडी, आणि लेक माझ्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाली, “आई, आजीकडे पण ट्रंक आहे.”

गौर आणि परी एक नव्हेत, आणि मी तसं कुणाला म्हणू देणार नाही. गौर माहेराला येते, जेवते, पूजा घेते, जाताना डोळे ओले करते. ती कुणी रचलेली लुटुपुटू नाही. पण रानातल्या एका साध्या झाडाला वस्त्र नेसवून त्याच्याकडे माणसासारखं बघायचं, हे माझ्या लेकीला क्रॉयडनच्या एका पुस्तकाने शिकवलं होतं, म्हणून ती आजीच्या माजघरात परकी उभी नव्हती. या अभ्यासात मला सापडलेली सगळ्यांत मोठी गोष्ट ही आहे. मराठी तिच्यापर्यंत नेण्यासाठी मी ज्या पुस्तकाला अडथळा समजत होते, तोच तिचा रस्ता निघाला.

पूजेला न घेतलेला तेरडा अंगणात उरला होता. दुसऱ्या दिवशी लेक पायरीवर बसली, हातात तेरड्याची फांदी सरळ धरून, हलायचं नाही असं स्वतःलाच बजावत. “मला काढ.” मला चित्र येत नाही. तिच्या मामाने वहीच्या पानावर पेन्सिलीने काढलं, आधी तेरडा, पानांच्या करवती कडा मोजून, मग ती, तेरडा तिच्याएवढा करून. केस दाट, सुटलेले, काळे करकरीत. पेन्सिल दोनदा टोकावी लागली.

मग गाणं हवं झालं. आई म्हणाली, “तेरड्याचा रंग तीन दिवस, हे तर घालायलाच हवं.” लेकीने शेंगा शोधून काढल्या होत्या. पिकलेली शेंग बोट लागताच टचकन फुटते, कडा गुंडाळल्या जातात आणि बिया कुठल्या कुठे उडतात. सकाळभर तिने तेवढंच केलं होतं. ओळी तिघींच्या मिळून झाल्या. शेवटच्या दोन लेकीच्या, शब्द जुळवून घ्यायला आम्ही मदत केली तेवढीच.

सरी आल्या, सरी गेल्या,
बांधावर उभी मी गं;
तीन दिस माझा रंग,
चौथ्या दिशी फिकी मी गं.
शेंग माझी फुगलेली,
बोट नको लावू बाई;
टच् म्हणता फुटेन मी,
बिया कुठे? पत्ता नाही!

खरं की नाही हे तपासायला आम्ही एक फांदी तांब्यात ठेवली. तिसऱ्या दिवशी फुलं गळायला लागली होती. लेकीने आजीला जाऊन सांगितलं, “खरं आहे,” जसं काही म्हण आजवर कुणी तपासलीच नव्हती.

परत आल्यावर

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, क्रॉयडनला परतल्यावर, एका ओढ्याकाठी चालताना ती ओरडली, “तेरडा!” उंच, तिच्या डोक्याहून वर गेलेली झाडं, गुलाबी टोपीसारखी फुलं, फुगलेल्या शेंगा. तेरडाच वाटावा. तो हिमालयन बालसम होता, आपल्या तेरड्याच्याच कुळातला. हिमालयातून १८३९ मध्ये क्यूच्या बागेत शोभेसाठी आणला आणि कुंपण ओलांडून नद्यांच्या काठाने देशभर पसरला. त्याच्या शेंगा बिया कित्येक मीटर उडवतात, बाकीच्या रोपांना तो जागा उरू देत नाही. म्हणून इथे तो रानात लावणं किंवा पसरवणं कायद्याने गुन्हा आहे, आणि स्वयंसेवक दर उन्हाळ्यात तो उपटून काढतात.

मी तिला हे सांगितलं. सांगताना जड गेलं. नुकतंच जे झाड तिचं झालं होतं त्याच्या भावंडाला इथे उपटतात, हे सहा वर्षांच्या मुलीला सांगायचं तरी कसं? पण या पुस्तकाने आम्हाला लावलेली सवयच ती. फुलाबद्दल जे म्हणायचं ते जमेल तितकं खरं. तिने विचारलं, “त्याला कुणी आणलं?” मी म्हटलं, माणसांनी. “मग तो परत जाऊ शकतो का?” नाही.

तिने एक बोट शेंगेपासून इंचभर दूर धरलं. ओढ्याचा आवाज येत होता. ती आमचं गाणं पुटपुटली, बोट नको लावू बाई या ओळीपर्यंत, आणि तिथे थांबली. बोट मागे घेतलं. तेवढ्यात वाऱ्याने की झाडाच्या भाराने कोण जाणे, शेजारची एक शेंग आपसूक फुटली आणि एक बी तिच्या बाहीवर येऊन पडली. तिने ती मला दिली. घरी आणून आम्ही ती एका लहान बाटलीत घातली, झाकण घट्ट लावलं, आणि तिने बाटलीवर स्वतःच्या हाताने, मराठीत, तारीख घालून लिहिलं: ‘तेरड्याचा भाऊ’.